माळ्यावरच्या आठ बॅटऱ्या

निवाल्दोचं पत्र आलं त्याला दोन हिवाळे झाले. मी उत्तर दिलं नाही.

पत्र साधं होतं. आईच्या माघारी घर बंद आहे. मोठ्या बेटावरून समुद्राखालून येणारी वीज अखेर आपल्या पुकेल बेटावर पोचली आहे आणि आमच्या अंगणात खांबही उभा राहिला आहे. तेव्हा माळ्यावरच्या बॅटऱ्या काढून टाकायला मी एक वायरमन पाठवला होता, पण तो हात न लावता परत आला. म्हणतो, घरात कुणीतरी राहतंय, मीटरचा काटा दिवा लागलेला दाखवतो. मी म्हटलं, घराला कुलूप आहे. तर म्हणतो, ज्यानं ही जोडणी केली त्याच्याकडून लिहून आणा, मग तोडतो. मास्तर, जोडणी तुम्ही केलीत. हा दिवा कुणाचा? तोडू की नको?

खाली सही, आणि सहीच्या वर ‘आपला विद्यार्थी’. ते वाचून मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. विद्यार्थ्याला उत्तर माहीत नसलं तर मास्तरला माहीत असावं, अशी जगाची समजूत आहे.

मी पुस्तकी माणूस. बेटावर हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी ते लपवतही नाही. खुवेनाल म्हातारा, जो बेटावरच्या सगळ्या इर्जिकींचा, म्हणजे गावानं मिळून करायच्या कामांचा, मुकादम होता, तोंडावर म्हणायचा, “मास्तरांना खिळा ठोकायला सांगा, आधी खिळ्यावरचं पुस्तक मागवतील.” खरं आहे. मी विजेबद्दल पुष्कळ वाचलं होतं, मुलांना फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं होतं, आणि स्वतः एक फ्यूज बदलताना घाम फुटायचा. पण निवाल्दोच्या आईच्या, एदुविनाबाईंच्या घरची ती जोडणी मी केली आणि ती चांगली झाली. असं वाक्य मी जन्मात फार कमी वेळा लिहिलंय, म्हणून पुन्हा वाचून पाहिलं. खोडावंसं वाटलं नाही.

एदुविनाबाईंचं घर तेव्हा खाडीच्या पलीकडच्या अंगाला, कड्यावर होतं. लाकडी, दुमजली म्हणावं इतका उंच माळा, भिंतींना लाकडाचे खवले, पावसानं चांदीसारखे झालेले. समुद्र खालून कडा खात होता. त्या वर्षी उन्हाळ्यात, आमच्या दक्षिणेकडे तो जानेवारीत येतो, निवाल्दो लांबच्या पुंता आरेनास शहरातून आला तो आईला घेऊन जायचंच असं ठरवून. मी त्या वेळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसलो होतो, हातात येर्बाच्या कडू चहाचा भोपळा, तोंडात नळी. उठून जावं की बसावं ते कळत नव्हतं.

“आई, हट्ट पुरे आता. कडा तुझ्या खुराड्यापर्यंत आलाय.”

“खुराड्यापर्यंत आलाय ना? माझ्यापर्यंत नाही आला.”

“माझ्याकडे गरम पाण्याचा नळ आहे, कोपऱ्यावर दवाखाना आहे.”

“आणि मी दिवसभर काय करू? नळाशी बोलू?”

“मग इथेच राहून बुडणार आहेस?”

“बुडतंय कोण? घर खाडीपार नेते, माझ्या बापाच्या बटाट्याच्या वावरात. खुवेनालशी बोलणं झालंय. फेब्रुवारीच्या मोठ्या भरतीला इर्जीक घालणार.”

निवाल्दो हसला. घरं ओढून नेणं आमच्याकडे नवीन नाही. पण हे घर जुनं होतं, आणि ते नुसतं बैलांनी ओढून भागणार नव्हतं. खाडी ओलांडायची म्हणजे पाण्यावर तरंगवत न्यावं लागणार होतं.

“अर्ध्या वाटेत फुटेल ते, आई. फळ्या गोळा करत बसशील.”

“फुटलं तर तुझ्याबरोबर येते. तुझ्या नळापाशी. पण उभं पोचलं आणि खिडकीत दिवा लागलेला असताना पोचलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी मरेपर्यंत नाही.”

“दिवा कशाला मध्येच?”

“माझं घर आंधळं होऊन पाण्यावरून जाणार नाही. प्रेतं जातात तशी. माझं घर डोळे उघडे ठेवून जाईल.” मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. “मास्तर करतील.”

मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून ‘बघतो’ आलं.

दिव्याचं त्या घरात एक दुखणं होतं. बाईंचे यजमान, आबेलिनो, आयुष्यभर बेटावर वीज यावी म्हणून धडपडले. प्रत्येक अर्जावर पहिली सही त्यांची. गेले ते त्याच स्वयंपाकघरात, खुर्चीत बसून, मेणबत्तीच्या उजेडात. त्यांच्यामागे वर्षभरानं सरकारनं छपरांवर सौर पट्ट्या बसवून दिल्या, पण सोबतच्या बॅटऱ्या इतक्या किडमिडीत होत्या की दिवा जेवणाआधीच माना टाकायचा.

आठ मोठ्या बॅटऱ्या बेलार्मिनोनं आणल्या. बेलार्मिनो म्हणजे आमच्या बेटाची टपालाची लाँच चालवतो तो. एक साल्मन माशांची शेती बंद पडली होती, तिच्या तराफ्यावरच्या त्या. मी प्रत्येकीचं टोपण उघडून आतल्या आम्लाची घनता मोजली, रोज मोजली, आणि सारख्या तब्येतीच्या आहेत अशी खात्री होईपर्यंत कुणाला जोडू दिलं नाही. मजबूत आणि दुबळी एकत्र बांधली की दुबळी मजबुतीला ओढून खाली नेते. पुस्तकात हे वाचलं होतं. वर्गातही पाहिलं होतं.

प्रत्येक बॅटरी सहा व्होल्टची. चार एकापुढे एक जोडायच्या, एकीचं धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला, की चोवीस व्होल्टची एक रांग होते. अशा दोन रांगा, आणि त्या एकमेकींना समांतर. इथपर्यंत कुणीही करतो. चूक होते ती पुढे. घराकडे जाणाऱ्या दोन्ही केबली एकाच रांगेवरून काढल्या तर ती रांग राबून मरते आणि दुसरी बसून सडते. म्हणून धन केबल पहिल्या रांगेवरून घ्यायची, ऋण केबल दुसरीवरून, तिरपी. आणि दोन रांगांना सांधणाऱ्या तारा अगदी सारख्या लांबीच्या कापायच्या. मी हे एदुविनाबाईंना कागदावर काढून दाखवलं.

“म्हणजे घरात दोन सुना असल्या तर दोघींना सारखं काम,” त्या म्हणाल्या.

“तसंच.”

“मग सरळ सांगा की. एवढं चित्र कशाला काढत बसलात?”

बॅटऱ्या माळ्यावर ठेवायच्या ठरल्या, कारण घर तरंगताना खाली पाणी शिरणार. खारं पाणी आणि बॅटरी यांची गाठ पडली तर विषारी वायू होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. मलाच त्यानं झोप येत नव्हती. देवदारी फळ्यांच्या दोन पेट्या केल्या. घर कललं तर बॅटऱ्या सरकू नयेत म्हणून चारी बाजूंनी लोकरीची पोती ठासली. सांडलेल्या आम्लानं लोकर कापसासारखी लगेच विरत नाही, हेही वाचलेलं. बॅटऱ्या भरताना त्यांच्यातून जो वायू निघतो तो भडका घेतो, म्हणून माळ्याच्या भिंतीला खाडीकडच्या बाजूनं एक भोक पाडलं. धन टोकापासून हातभर अंतरावर फ्यूज, मग मुख्य स्विच. ऋण बाजूला मीटर, जुना, काट्याचा. प्रत्येक नट पान्यानं आवळला, त्यावर व्हॅसलिन चोपडलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सगळं पुन्हा आवळलं.

“काल आवळलेलं आज सैल होतं का हो?” बाईंनी विचारलं. त्या कंदील धरून उभ्या होत्या.

“होत नाही. मी सैल होतो.”

त्या इतक्या हसल्या की कंदील हलायला लागला. मग मी स्विच ओढला आणि खाली स्वयंपाकघरात दिवा लागला. एक दिवा, पिवळसर, खिडकीशी टांगलेला. मीटरचा काटा हलला आणि शून्य व एकच्या बरोबर मधोमध उभा राहिला. अर्धा अँपिअर. गणितानं तेवढाच यायला हवा होता. पुस्तकातलं गणित आणि माळ्यावरचा काटा यांची एवढी गाठभेट मी कधीच पाहिली नव्हती.

घर हलवायचा दिवस उजाडला. आजूबाजूच्या बेटांवरूनही माणसं आली. सोळा बैलजोड्या, दोरखंड, ओंडके, बायकांच्या हातात बटाट्याच्या घाऱ्यांच्या पाट्या, सफरचंदाच्या दारूचे बुधले. आमच्यात एक रीत आहे. घर हलायच्या आधी घरची बाई एकेका खोलीत जाते आणि त्या घरात मेलेल्यांना मोठ्यानं सांगते, आपण अमुक ठिकाणी चाललोय, चला. खुवेनालनं दोर तपासता तपासता विचारलं, “एदुविना, आबेलिनोला सांगितलंस?”

“त्याला काय सांगायचंय? खिडकीत दिवा दिसतोय ना. जन्मभर दिवा दिवा करत गेला. येईल दिव्यामागून.”

“सांगायचं असतं गं.”

“तू बैलांना सांग. माझ्या नवऱ्याचं मी बघते.”

खुवेनालनं टोपी डोक्यावर दाबली. “मेलेली माणसं अंदाजानं चालत नाहीत, बाई. सांगितलं तेवढंच करतात.” पण भरती वाट बघणार नव्हती. त्यानं आरोळी ठोकली आणि बैलांनी माना घातल्या.

घर कड्याच्या उतारावरून कण्हत, करकरत खाली आलं. संध्याकाळच्या भरतीला पाण्यात शिरलं, खाली बांधलेल्या रिकाम्या पिंपांवर उचललं गेलं आणि डुलायला लागलं. दोन लाँची पुढून ओढत होत्या. मी बेलार्मिनोच्या लाँचीत होतो, पाठ पुढे आणि तोंड घराकडे करून. छपरावर झेंडा, खाली दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी, आणि खिडकीत दिवा. मधल्या प्रवाहात घर एकदा असं कललं की माळ्यावर काहीतरी धपकन आपटल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले.

“मास्तर,” बेलार्मिनो म्हणाला, “उघडा. आहे.”

होता. खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं टाळ्या वाजवत होती. अंधारून येणाऱ्या पाण्यावरून एक लाकडी घर डोळा उघडा ठेवून येत होतं, आणि तो डोळा मी बसवलेला होता. मला रडू आलं. बेलार्मिनोनं ते पाहिलं नसावं. किंवा पाहिलं असेल. तो अशा गोष्टी बोलत नाही.

घर वावरात चढलं तेव्हा निवाल्दोनं टोपी काढली. “जिंकलीस, म्हातारे.”

“म्हातारी तुझी सासू. चल, घाऱ्या खा.”

एप्रिलमध्ये बाईंनी मला बोलावणं पाठवलं. सकाळी बॅटऱ्या असायला हव्यात तेवढ्या भरलेल्या नसतात, थोड्याशा रित्या असतात. मी माळ्यावर गेलो. सगळं जसंच्या तसं होतं. खाऱ्या हवेनं बॅटऱ्यांच्या पाठीवर ओलसर मळ धरला की त्यातून वीज पाझरते, म्हणून मी सोड्याच्या पाण्यानं त्या पुसून काढल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. उंदरांनी वायर कुरतडली असेल म्हणून हातानं चाचपत सगळ्या वायरी पाहिल्या. एकही दात लागलेला नव्हता.

मग मी संध्याकाळी तिथे थांबून पाहिलं. उजेड मावळायला लागला, बाईंनी अजून दिवा लावलेला नव्हता, आणि काटा आपला आपण हलला. शून्य आणि एकच्या मधोमध उभा राहिला. बाईंनी दिवा लावला तेव्हा तो एकावर गेला. बाई झोपायला गेल्या, त्यांनी दिवा मालवला, तरी काही वेळ तो मधोमधच होता. मग अलगद शून्यावर बसला. कुणीतरी जांभई देऊन दिवा मालवावा तसा.

“तुमची जोडणी चुकलीय का, मास्तर?”

“नाही,” मी म्हणालो, आणि लगेच, “बहुतेक नाही.”

“बहुतेक नको. निवाल्दो हिवाळ्यात येतोय. त्याला कळलं की घरात वीज गळते, तर म्हणेल आग लागेल, आणि मला उचलून नेईल. पैज जिंकूनसुद्धा नेईल. पोरगा आहे तो, पैजेला कितीसा धरून राहणार?”

त्या खाली बघत बोलल्या. मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मे महिन्यातली ती संध्याकाळ. वारा पडला होता आणि खाडी तव्यासारखी सपाट होती. बाई खाली खिडकीशी, मी माळ्यावर. मी घरातल्या प्रत्येक वायरीचा फ्यूज काढून खिशात टाकला. काटा मधोमध. मुख्य स्विच पाडला. काटा मधोमध. मग घराकडे जाणारी केबलच मीटरपासून सोडवली. तिचं तांब्याचं टोक माझ्या हातात होतं. मीटरच्या पुढे आता काहीच जोडलेलं नव्हतं.

काटा मधोमध.

मी मीटरवर टिचकी मारली. तो अडकलेला नव्हता.

“मास्तर,” खालून बाईंचा आवाज आला. “पलीकडे दिवा लागलाय.”

मी भिंतीतल्या भोकाशी डोळा लावला. खाडीच्या पलीकडे कड्यावर, जिथे आता फक्त घराचे ओटे राहिले होते, तिथे एक पिवळसर दिवा होता.

“शेवाळ गोळा करणारे असतील,” मी म्हणालो.

“शेवाळवाले कड्यावर काय करतात? आणि एवढ्या उंच दिवा कोण धरतं? ती खिडकीची उंची आहे. माझी खिडकी मला कळत नाही?”

मी पाना घेतला आणि पहिल्या रांगेच्या धन टोकावरचा नट सैल केला. केबल उचलली.

“आता?”

“गेला.”

टेकवली.

“आला.”

मला वाटलं बाई माझी थट्टा करताहेत. बाईंना बहुधा वाटलं की मी. मी पुन्हा केबल उचलली आणि या वेळी उचलूनच धरली.

“गेला,” बाई म्हणाल्या. या वेळी फार हळू.

पाण्यावरून आवाज दूरवर येतो. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फळ्यांच्या जमिनीवर खुर्ची सरकते तसा. तिकडे फळ्या नव्हत्या. जमीन तर आम्ही इकडे आणली होती.

मग एक पुरुषाचा आवाज. मोठा नाही. बाजूच्या खोलीत बोलावं तसा.

“अगं, दिवा गेला.”

केबल मी तशीच उचलून धरली होती.

“अहो, थांबा जरा,” खालून बाई म्हणाल्या. मला नव्हे. मग मला म्हणाल्या, “मास्तर, जोडा.”

 केबल टोकाला टेकली तेव्हा एक बारीकशी ठिणगी उडाली. नुसत्या मोकळ्या तारेला ठिणगी पडत नाही. पुढे काहीतरी वीज ओढणारं असावं लागतं.

खाली आलो तेव्हा बाईंनी चुलीत लाकूड सारलं होतं आणि येर्बाचं पाणी ठेवलं होतं. चेहऱ्यावर भीती नव्हती. मला तिथे दुसरंच काहीतरी दिसलं. मुलगा शाळेत पहिला आला की आयांच्या चेहऱ्यावर दिसतं ते.

“निवाल्दोला हे लिहायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“पण बाई...”

“काय लिहाल? तुमच्या जोडणीत गळती आहे म्हणून?”

“नाही. गळती नाही,” मी म्हणालो. मला स्वतःलाच माझ्या आवाजाचं नवल वाटलं.

“मग झालं तर. ह्या बेटांमध्ये दुसऱ्या कुणाचं घर दोन ठिकाणी उजेड देतं का, सांगा.”

“त्यांना जाऊन सांगायचं का? इकडे या म्हणून?”

त्यांनी भोपळ्यात पाणी ओतलं. “आत्ता कुठे त्याला दिवा मिळालाय. बसू दे निवांत.”

हिवाळ्यात निवाल्दो आला, माळ्यावर चढला आणि संध्याकाळी त्यानं काटा पाहिलाच. “आई, हे काय ओढतंय?”

“खुराड्यातला दिवा. उजेड असला की कोंबड्या हिवाळ्यातही अंडी देतात. मास्तरांनी पुस्तकात वाचलंय.”

निवाल्दोनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तेव्हापासून बाई आणि मी त्याला कोंबड्यांचा दिवा म्हणायला लागलो. बाई दर संध्याकाळी खिडकीतून पलीकडे एक नजर टाकायच्या, आणि मी महिन्यातून एकदा बॅटऱ्यांमध्ये शुद्ध पाणी घालायला जायचो. बाई त्या घरात मानानं राहिल्या. दुसऱ्या बेटांवरची माणसं जोडणी बघायला यायची, तेव्हा त्या स्वतः जिना चढून वर यायच्या आणि त्यांना सांगायच्या, दोन सुनांना सारखं काम. इतक्या वर्षांत एकही बॅटरी मेली नाही. ह्या जातीच्या बॅटऱ्या एवढ्या जगत नाहीत. मी त्याचं श्रेय घेत नाही. थोडं घेतो.

बाई गेल्या त्या झोपेत. नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, निवाल्दोनं घराला कुलूप लावलं आणि तो परत गेला. बाईंनी मला दिलेली दुसरी किल्ली त्याला माहीत नव्हती. मी पाणी घालायला गेलो. संध्याकाळ होत आली होती, घरात कुणी नव्हतं, एकही दिवा लागलेला नव्हता. काटा हलला, मधोमध आला, क्षणभर थांबला, आणि पुढे जाऊन एकावर उभा राहिला. दोन दिव्यांचा काटा.

मी तिथे उभ्या उभ्या टोपी काढली.

त्यानंतर निवाल्दोचं पत्र आलं. मी रोज उत्तर लिहायला बसायचो. ‘गळती नाही’ एवढंच लिहून व्हायचं, पुढचं वाक्य सुचायचं नाही. जे मला समजलेलं नाही ते मी कधी कुणाला शिकवलेलं नाही. मग ह्या जूनमध्ये वादळ आलं आणि पलीकडचा कडा समुद्रात गेला, घराच्या ओट्यांसकट. आता तिथे दरड आहे आणि खाली पाणी. दिवे मात्र होते तिथेच आहेत, होते त्याच उंचीवर. त्यांच्याखाली जमीन नाही, एवढाच फरक.

गेल्या खेपेला बेलार्मिनोनं निरोप आणला. “निवाल्दो म्हणाला, मास्तरांचं उत्तर पुढच्या टपालात आलं तर ठीक. नाहीतर मीच येतो पक्कड घेऊन. मास्तर, लिहून टाका की दोन ओळी. एवढी पुस्तकं वाचता.”

म्हणून आज लिहिलं. पाच कागद फाडले, सहावा ठेवला.

‘प्रिय निवाल्दो, उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. माळ्यावरची जोडणी बरोबर आहे. ती मी केली आणि तिच्यात चूक नाही. काटा दाखवतो ते खरं आहे. खांबावरची वीज खुशाल घरात घे, तुझे वडील त्यासाठी झटले. पण बॅटऱ्यांना हात लावू नकोस. एक केबलसुद्धा सैल करू नकोस, गंमत म्हणून देखील नाही. पाणी मी घालतो, माझ्यानंतर कुणी घालायचं ते ठरवून ठेव. हा दिवा कुणाचा असं तू विचारलंस. खुराड्यातला नव्हता. तुझ्या घरचाच आहे. कधी संध्याकाळी इथे आलास तर खाडीच्या काठाला उभा राहा आणि मान ताठ ठेव. तुझा मास्तर.’

पाकीट घेऊन मी धक्क्यावर गेलो. हिवाळ्यातला दिवस लवकर मावळतो. बेलार्मिनोची लाँच दरडीच्या कडेकडेनं, ओहोटीचा प्रवाह टाळत आली. तो बाहेर आला आणि टपालाच्या पिशव्यांवरची ताडपत्री फडक्यानं पुसायला लागला.

“काय सांडलंय?” मी विचारलं.

“काही नाही. वरून टाकलं कुणीतरी.”

“वरून कुठून?”

त्यानं मान न वळवता अंगठा मागे, खाडीकडे केला. “अलीकडे त्या दिव्यांखालूनच यावं लागतं ना.” मग त्यानं पिशवीचं तोंड उघडून धरलं. “आणा ते.”

मी पाकीट आत टाकलं. पिशवीच्या काठावर येर्बाचा हिरवा चोथा पडला होता. तो मी बोटानं झटकला. कोमट होता.